हेरेरोंचं घर कुठे आहे?

बसमधून परका माणूस उतरला, त्यानं एकदा वर डोंगराकडे आणि एकदा खाली खोऱ्याकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला, की थांब्यावरच्या बाकावरून आवाज यायचा.

"ट्रीझेन हवंय की ट्रीझेनबेर्ग?"

"अं?"

"खालचं गाव ट्रीझेन. वरचं ट्रीझेनबेर्ग. तुम्ही वर आला आहात. सगळे चुकतात, लाजायचं काही नाही."

तोवर न लाजलेला माणूस मग हमखास लाजायचा.

माझं किराणा दुकान थांब्याच्या अगदी समोर. उन्हाळ्यात दार सताड उघडं असतं, त्यामुळे बाकावरच्या बुर्गाचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळतं. लिख्टेनश्टाइनला यायचं तर काय करावं, काय करू नये, हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. आणि न विचारता तर कुणीच सांगणार नाही.

"युरो देताय? घेतील की. पण सुटे फ्रँकमध्ये परत देतील. ते घरी नेऊन काय लोणचं घालणार? आधीच फ्रँक घेऊन ठेवा."

"त्या फोनवर भरवसा नका ठेवू. त्याला वाटतं आपण स्वित्झर्लंडमध्येच आहोत. तो नक्की कुठे होता ते घरी बिल आल्यावर कळेल तुम्हाला."

"पासपोर्टवर शिक्का? तो खाली वादूझला. विकत मिळतो. सीमेवरचा नव्हे, हौसेचा. सीमेवर आमचं उभं कोण असतंय?"

"माल्बूनला निघालात? या चपलांवर? अहो बाई, बोगद्याच्या पलीकडे हवा वेगळी. इकडचं ऊन तिकडे चालत नाही."

एकदा एका जोडप्यानं विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?"

"वेळ किती आहे?"

"पुढची बस येईपर्यंत."

"मग मी आहे. बघा आणि जा."

त्या दोघांनी खरंच तिचा फोटो काढला आणि पुढच्या बसनं गेले. सगळे तसेच जातात. देश एवढासा, तर वेळ कशाला जास्त द्यायचा, असा लोकांचा हिशेब असतो. बस वळणाआड गेली की बाक, बुर्गा आणि समोर मी, एवढंच उरायचं. मग ती हातातली काठी बाकाला टेकवून ठेवायची आणि खालून येणाऱ्या पुढच्या बसच्या वळणाकडे बघत बसायची.

"तुला सरकारनं पगार द्यायला हवा," लुर्देस म्हणायची. लुर्देस शेजारच्या खानावळीत स्वयंपाक करते. पोर्तुगालची आहे, पण आता आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त इथली झाली आहे.

"सरकार खाली आहे, मी वर आहे," बुर्गा म्हणायची. "त्यांनी चढून यावं."

कागदावर तिचं नाव नोटबुर्गा बेक. पण त्या नावानं हाक मारलीत तर ती मान वळवून बघणार नाही. आमच्या गावात आडनावं मूठभर. बेक, शेडलर, सेले, की संपली. एका बाकावर चार मारिया बेक बसलेल्या असायच्या. म्हणून खरं नाव ते घराचं. माझं घर टोनिसांचं, कारण कधीतरी कुणी टोनी होऊन गेला. मी टोनिसांची सिबिल. बुर्गाच्या घरात फार पूर्वी लोहारकाम चालायचं. लोहाराला आमच्या बोलीत श्मेड म्हणतात. म्हणून ती श्मेडांची बुर्गा. जन्मली तेव्हाही, लग्न झालं तेव्हाही. नवराच तिच्या घरी राहायला आला, लुईस, शांत माणूस. त्यालाही लोक श्मेडांचा लुईस म्हणायला लागले. त्याची काही तक्रार नव्हती. मूलबाळ झालं नाही, आणि मग एके वर्षी लुईसही गेला.

ती त्या बाकावर का बसते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलायचं नाही, एवढंच.

बुर्गाला एक थोरली बहीण होती. इर्मा. बुर्गा शाळेत जात होती तेव्हा इर्माला दिवस गेले, आणि बापाचं नाव ती सांगेना. वडिलांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "या घरात राहायचं नाही. आणि बेक हे नाव यापुढे लावायचं नाही." इर्मा सकाळच्या बसनं खाली गेली. आई खिडकीशी उभी होती, तिनं काच उघडली नाही. त्यानंतर गावातला एक सुतार कामानिमित्त जेनोआला गेला होता, त्याला ती बंदरावर दिसली, बोटीत चढताना. बोट कुठे जाणारी, ते त्यानं विचारलं नाही. आमच्या गावचा माणूस पहिल्यांदा समुद्राशी गेला, तर तो समुद्रच बघत बसणार.

पत्र नाही, निरोप नाही. बुर्गा मोठी झाली आणि थांब्याजवळच्या पोस्टात लागली. पार्सलं तोलायची, बसची तिकिटं द्यायची, टपालाची पिशवी रोज स्वतःच्या हातानं उघडायची. ती उघडताना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. मग पोस्ट बंद झालं. बाक उरला.

"वर यायचं तर बसशिवाय रस्ता नाही," ती म्हणायची. "इर्मा आली तर बसनंच येईल. तिला गाडी कुठे चालवता येते?"

"एवढ्या वर्षांत शिकली असेल की," लुर्देस.

"इर्मा? तिला सायकल येत नव्हती गं. माझ्या मागे बसायची आणि वर मलाच शिव्या द्यायची."

बहीण अजून आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. हे मात्र ती स्वतःहून म्हणत नसे. एकदाच, थंडीत माझ्या शेगडीशी हात शेकताना म्हणाली, "गेली असली तरी कुणीतरी सांगावं. मी काय रागावणार आहे?"

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. खाली खोरं धुक्यानं भरलेलं, आणि आम्ही वर लख्ख उन्हात. थंडी होती, म्हणून दार लावून मी आत सफरचंदं मांडत होते. काचेतून दिसलं ते एवढंच: बसमधून एक मुलगी उतरली, पाठीवर भली मोठी पिशवी, ती बुर्गाशी बोलली, बुर्गानं काठीनं खाली दाखवलं, मुलगी धावली आणि खाली जाणाऱ्या बसमध्ये चढली. असं रोजच होतं. मी पुन्हा सफरचंदांकडे वळले.

काय बोलणं झालं, ते बुर्गानं नंतर इतक्यांदा सांगितलं की आता मला दोघींचे आवाज काढून दाखवता येतील.

मुलगी पुस्तकातलं जर्मन बोलत होती. एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसं.

"माफ करा. हेरेरो कुटुंबाचं घर कुठे आहे?"

"हेरेरो? नाही इथे."

"नक्की?"

"अहो, माझा जन्म या गावच्या पोस्टात गेला. बेक हवेत तर ढिगानं देते. हेरेरो कुणी नाही, कधी नव्हतं. तुम्हाला खालचं ट्रीझेन हवं असेल. तिथे स्पॅनिश, पोर्तुगीज मंडळी राहतात. सगळे चुकतात, लाजायचं काही नाही."

"पण माझी आजी—"

"बस आली! पळा, पळा! खाली उतरा, समोरच्या थांब्यावर जा, तिथून ट्रीझेन. तिथेही नाही सापडले, तर तीच बस पुढे सार्गान्सला जाते, स्टेशनसमोर सोडते. वर परत येऊ नका, दुपारी बस कमी असतात, उगाच अडकून पडाल."

मुलगी "धन्यवाद" म्हणाली आणि धावली.

बुर्गा खुशीत दुकानात आली. "एक स्पॅनिश पोरगी चुकून वर आली होती. दिली लावून रस्त्याला." आणि स्वतःला बक्षीस म्हणून एक सफरचंद घेतलं.

दुपारी आम्ही लुर्देसकडे जेवायला बसलो. चीज घातलेले पिठाचे गोळे, वर तळलेला कांदा, बाजूला सफरचंदाचा गोड गर. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून लुर्देसही कमरेचा टॉवेल सोडून आमच्यात बसली. बुर्गानं पुन्हा सकाळची गोष्ट काढली.

"नाव काय म्हणालीस?" लुर्देसनं विचारलं.

"हेरेरो."

"मग आमच्यातली नव्हे. आमच्यात फेरेइरो म्हणतात."

"म्हणजे काय?"

"तेच की. अगं, घोड्याला नाल ठोकतो तो. लोहार."

बुर्गाचा काटा ताटलीच्या वर तसाच थांबला.

"परत सांग."

"लोहार. स्पॅनिशमध्ये हेरेरो म्हणजे लोहार. का गं? काय झालं?"

"श्मेड," मी म्हणाले. बुर्गाच्या घराचं नाव.

लुर्देस एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. बुर्गानं काटा खाली ठेवला, तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी केली.

"बेक नाव लावायचं नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "तिनं नाही लावलं."

कुठल्यातरी परक्या गावात कुणीतरी इर्माला विचारलं असेल, तू कुणाची? आणि तिला जे नाव कुणी काढून घेऊ शकत नव्हतं, ते तिनं सांगितलं असेल. त्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं असेल. तिनं हातोडा मारून दाखवला असेल. मग त्यांनी त्यांच्या भाषेत लिहून घेतलं. पुढे मुलाला तेच, नातीला तेच.

"गावातल्या कुठल्याही पोराला मी आधी विचारते, कुणाचा रे तू?" बुर्गा म्हणाली. "तिला नाही विचारलं. पाठीवर पिशवी होती ना. सिबिल, मी तिला 'अहो' म्हटलं गं. इर्माच्या नातीला मी 'अहो' म्हटलं."

आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, शेजाऱ्याला आणि पाद्र्यालासुद्धा. 'अहो' फक्त परक्यांना.

"उठा," लुर्देस म्हणाली. "रडायचं ते गाडीत. सिबिल, किल्ली काढ."

"मी रडत नाहीये."

"मग गाडीत सुरू कर. चल."

वळणावळणाचा रस्ता उतरून आम्ही धुक्यात शिरलो. बुर्गा माझ्या शेजारी, काठी दोन्ही हातांत धरून. लुर्देस मागे, टॉवेल अजून मांडीवरच.

"काय म्हणाली ती आजीबद्दल?" लुर्देसनं पुढे वाकून विचारलं. "सगळं सांग."

"म्हणाली, 'पण माझी आजी...'"

"आजी काय?"

"आजी म्हणते. असं काहीतरी. पुढचं मी ऐकलंच नाही, बस आली."

"म्हणते? की म्हणायची?"

बुर्गा तिच्याकडे वळली.

जर्मनमध्ये 'म्हणते' म्हणजे 'झाक्ट', आणि 'म्हणायची' म्हणजे 'झाक्टे'. शेवटी फक्त एक 'ए'. तोसुद्धा परकी मुलगी बोलताना खाऊन टाकणार. आणि आमच्या बोलीत तर तो 'ए' नाहीच. झालेलं-गेलेलं आम्ही दुसऱ्याच पद्धतीनं, शब्द जोडून सांगतो. तो 'झाक्टे' आम्ही शाळेत वाचतो, वर्तमानपत्रात वाचतो, पण आपल्या माणसांत तोंडानं म्हणत नाही. त्यामुळे आमचे कान त्याची वाट बघत नाहीत.

"झाक्ट," बुर्गा पुटपुटली. "झाक्टे. झाक्ट." मग जरा वेळानं, "बसचा ब्रेक लागला होता गं त्याच वेळी."

"अगं, म्हणायची म्हणाली तरी काय झालं?" लुर्देस म्हणाली. "जिवंत माणसंही काल काहीतरी म्हणालेली असतात! माझी आई म्हणायची, जर्मन नवरा करू नकोस. अजून जिवंत आहे आणि अजून तेच म्हणते."

बुर्गा हसली नाही. "लुर्देस, तू जरा गप्प बस."

ट्रीझेनच्या थांब्यावर कुणी नव्हतं. शेजारच्या बेकरीतल्या बाईला आठवत होतं. पिशवीवाली मुलगी आली होती, हेरेरो विचारत होती. "मी म्हटलं, या गल्लीत गोन्साल्वेस आहेत, मोरेनो आहेत, हेरेरो नाहीत. बिचारी इकडून तिकडे दोनदा फिरली. एक पाव घेतला आणि सार्गान्सच्या बसमध्ये बसली. मी म्हटलं थांबा जरा, विचारू कुणाला. तर म्हणाली, नको, वरच्या बाईंनी सांगितलंय, अडकून पडाल."

बुर्गानं काठी जमिनीवर एकदा आपटली. तेवढंच.

सार्गान्स म्हणजे नदीपलीकडे, स्वित्झर्लंडात. आम्ही पोचलो तर झुरिकची गाडी नुकतीच सुटलेली, फलाट मोकळा. बुर्गा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. सगळ्या बाकांजवळ थांबून पाहिलं. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या माणसाला विचारलं, "पाठीवर मोठी पिशवी असलेली मुलगी बघितलीत का?"

"बाई," तो म्हणाला, "हे स्टेशन आहे."

लुर्देस त्याला काहीतरी सुनावणार होती, मी तिचा हात धरला. बुर्गा मात्र त्याला म्हणाली, "खरं आहे तुमचं." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बरोबर सांगितलं होतं मी तिला. एकसुद्धा बस चुकली नाही पोरीची."

त्यानंतर आम्ही जमेल ते सगळं केलं. मी इंटरनेटवर लिहिलं, लुर्देसनं त्याचं स्पॅनिश करून दिलं. उत्तरं आली, पण ती सगळी भलत्याच हेरेरोंची. एका म्हाताऱ्यानं तर माद्रिदहून स्वतःच्या सात पिढ्या पाठवल्या.

"हेरेरो म्हणजे तिकडचे बेक," लुर्देसनं हात टेकले. "आणि 'तिकडे' म्हणजे तरी कुठे? स्पेन, नाहीतर समुद्रापलीकडे वीस देश. तिचं पहिलं नाव तरी विचारायचं होतंस."

"विचारायचं होतं," बुर्गा म्हणाली.

बाकावर ती बसतच राहिली, पण आवाज यायचा थांबला. लोक उतरायचे, वर-खाली बघायचे, ती त्यांना बघू द्यायची. कुणी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं तर सांगायची, पण आधी त्याला सगळं बोलू द्यायची. बस समोर येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं हात केला, तरी त्या माणसाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदोघांची बस त्यात चुकली. चिडले ते.

एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस जवळ आला की मी दुकानात पुढेच कबरींवर लावायचे लाल काचेचे दिवे मांडते. त्या संध्याकाळी सगळं गाव चर्चमागे जमतं, आपापल्या माणसांपाशी. जे दूर कुठे गेले, ज्यांची कबर इथे नाही, त्यांचे दिवे मधल्या मोठ्या क्रुसाखाली ठेवतात.

बुर्गा आदल्या दिवशी आली. दिवे एकेक उचलून काच तपासली. एक बाजूला ठेवला. "वडील." दुसरा. "आई." तिसरा. "लुईस." मग चौथा उचलला आणि तो हातातच राहिला.

मी गल्ल्याशी उभी होते. पिशवी उघडून धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

"तुझं दार बंद होतं ना त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"बंद होतं, बुर्गा. थंडी होती."

"म्हणजे तुला काहीच ऐकू आलं नसणार."

"नाही."

"लुर्देस म्हणाली, सिबिलला सांग, ती म्हणेल मला 'झाक्ट' ऐकू आलं. म्हणजे माझं मन राहील." तिनं दिवा उजेडाकडे धरला. "तू नाही म्हणालीस ते बरं केलंस."

"दिवा घेतलास तर काय बिघडतंय? प्रार्थना जिवंत माणसालाही चालते."

"प्रार्थना चालते. क्रुसाखालचा दिवा नाही चालत. तो ठेवला की सगळं गाव म्हणेल, इर्मा गेली. आणि मग मीही म्हणेन." मग दिवा फळीवर ठेवला, बाकीच्यांच्या रांगेत, जरा मागे सरकवून. "आजी म्हणते. अशी म्हणाली ती. मी ठरवलंय. कुणी विचारलं तर तूही तसंच सांगायचंस."

"तसंच सांगेन."

तिनं तिन्ही दिव्यांची पिशवी घेतली. दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली.

"सिबिल, दिसायला कशी होती गं ती? मी समोर उभी होते, पण डोळे मिटून आठवायला गेलं की मला बसचा नंबर दिसतो. इर्माचं नाक असं मधेच उंच होतं, आमच्या आईसारखं. तू काचेतून बघितलंस ना तिला?"

"बघितलं."

"मग?"

"माझ्याकडे तिची पाठ होती, बुर्गा."

ती मान हलवत राहिली, जणू मी बरंच काही सांगितलं होतं. मग दार उघडून बाहेर गेली.